चौदा आणे झाल्याशिवाय देठ तोडू नका : एनएचएलच्या जनरल मॅनेजरांना खुले पत्र

प्रति,
नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएलच्या) बत्तीस संघांचे जनरल मॅनेजर यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एकालाही मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र मराठीतच लिहितोय, कारण बर्फावरच्या हॉकीवरून माझं जे काही भांडण होतं ते मराठीतच होतं. शनिवारी रात्री आम्ही चार-पाच घरं कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतो. कुणी पोहे आणतं, कुणी पिझ्झा. सप्टेंबर उजाडला, तुमचे ट्रेनिंग कॅम्प सुरू झाले की दरवर्षी तोच वाद पेटतो. कॅम्पात चमकलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला थेट एनएचएलमध्ये ठेवायचं, की खालच्या लीगमध्ये पाठवायचं? आमच्यातल्या दोघांची मुलं पहाटे पाचला रिंकवर जातात, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढतात. यंदा ठरवलं, की भांडण ज्यांच्याशी करायला हवं त्यांच्याशीच करू.

मी मूळचा रत्नागिरीचा. गेली वीसेक वर्षं मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला आहे. ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलांसाठी नावाजलेलं हे गाव, डेट्रॉइटपासून अडीच तासांवर. डेट्रॉइट रेड विंग्जचं तिकीट परवडत नव्हतं, म्हणून त्यांच्या खालच्या संघाचं, ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्सचं तिकीट काढायला लागलो. व्हॅन अँडेल अरीना, वरचा मजला, गोलच्या मागची जागा. तेव्हा शुक्रवारी हॉट डॉग दोन डॉलरला मिळायचा. खरं सांगतो, गेलो होतो हॉट डॉगसाठी. पण अडकलो तो अडकलोच. तुम्ही हा प्रश्न वरून खाली बघता, मी खालून वर बघत आलोय, एवढाच आपल्यातला फरक.

ज्यांनी बर्फावरची हॉकी पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडं थांबतो. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये दरवर्षी सात फेऱ्यांत २२४ पोरं निवडली जातात, बहुतेक अठरा वर्षांची. त्यातली बहुसंख्य लगेच वर खेळायच्या लायकीची नसतात. त्यांच्यासाठी एनएचएलच्या एक पायरी खाली अमेरिकन हॉकी लीग आहे, म्हणजे एएचएल. ही १९३६ पासून चालू आहे, तिथेही बत्तीस संघ, आणि प्रत्येक संघ एकेका एनएचएल संघाला जोडलेला. एनएचएलमध्ये खेळणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के खेळाडू आपल्याकडून गेलेले आहेत, असं एएचएल अभिमानानं सांगते. पोस्टरवर मात्र उरलेले दहा टक्के असतात. त्यामुळे प्रत्येक बापाला वाटतं, की आपलं पोर त्या दहातलं.

आता मुद्द्यावर येतो.

केन हॉलंड डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर असताना त्यांचा एक शब्द या भागात सगळ्यांच्या तोंडी होता : ‘ओव्हरराइप’. पोराला पिकू द्या, आणि पिकल्यावरही थोडं थांबा. जिमी हॉवर्ड हा गोलरक्षक त्या हिशेबानं चार हिवाळे आमच्या गावात राहिला, आणि २००९-१० मध्ये वर गेला तो त्याच हंगामात पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षक झाला. टोमास टाटार आला तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. २०१३ मध्ये ग्रिफिन्सनी काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडू तोच. गुस्ताव नायक्विस्टला तर २०१३-१४ चा हंगामसुद्धा इथेच सुरू करावा लागला, चोवीस वर्षांचा असताना. आम्ही वरच्या मजल्यावरून ओरडायचो, की याला अजून इथे का डांबून ठेवलाय! नोव्हेंबरात तो वर गेला आणि ५७ सामन्यांत २८ गोल केले.

हॉलंडसाहेबांचा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं, कारण आमच्याकडे हे शास्त्र शेंबड्या पोराला माहीत असतं. हापूस झाडावरून उतरवताना ‘चौदा आणे तयार’, म्हणजे सोळातले चौदा आणे, झालाय का ते बघतात. कोवळा काढलात तर आढीत कितीही पेंढा घाला, तो सुरकुततो, पिकत नाही. वरून पिवळा झाला तरी आत आंबटच. पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती हॉलंडसाहेबांच्या भक्तांना आवडत नाही : झाडावर फार दिवस ठेवलेल्या फळात साका धरतो, म्हणजे आतला गर खराब होतो. त्याकडे मी नंतर येतो.

खालच्या लीगमध्ये पोराला मिळतं काय? ‘अनुभव’ असं गुळमुळीत उत्तर तुम्ही पत्रकारांना देता. मी वरच्या मजल्यावरून जे मोजलं ते सांगतो. अठरा वर्षांच्या फॉरवर्डला तुम्ही एनएचएलच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीत टाकता. त्याला साठ मिनिटांच्या सामन्यात सात-आठ मिनिटं बर्फ मिळतो. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, पाऊण मिनिटाची धरा, म्हणजे दहा-अकरा शिफ्ट. त्यातल्या निम्म्या शिफ्टमध्ये पक, म्हणजे ती रबरी चकती, त्याच्या काठीला लागतही नाही. पॉवर प्लेला (समोरचा एक जण शिक्षा होऊन बाहेर असताना) त्याला बाकावर बसवतात, सामना चुरशीचा झाला की शेवटची दहा मिनिटंही बाकावरच. आणि एवढ्यात त्याच्या हातून एक चुकीचा पास गेला की पुढच्या दोन शिफ्ट गायब. अशानं पोरगा काय शिकतो? चूक न करायला शिकतो. पक आला की काचेवर आपटून लांब ढकलायला शिकतो. तुम्ही त्याला ज्या गुणासाठी निवडलंत, तोच तो हळूहळू गिळून टाकतो.

तोच पोरगा ग्रँड रॅपिड्सला अठरा-वीस मिनिटं खेळतो. पॉवर प्ले त्याचा, पेनल्टी किल (आपला एक जण बाहेर असताना) त्याची, शेवटच्या मिनिटाला एका गोलनं मागे असलो तर बर्फावर तोच. चुकतो, बाकावर येतो, प्रशिक्षक छोट्या पडद्यावर त्याला ती चूक दाखवतो, आणि दोन मिनिटांनी तो पुन्हा बर्फावर असतो. सामने बहुतेक शुक्रवार-शनिवार-रविवारचे. तीन रात्रींत तीन सामने, मध्ये बसचा प्रवास, हे हाल आहेतच. पण त्यामुळे सोमवार ते गुरुवार सरावाला मोकळे मिळतात, आणि वर नेमकी तीच चैन नाही. ऑक्टोबर ते एप्रिल ऐंशीहून जास्त सामने, विमानं, हॉटेलं. सराव हा दमलेल्यांना सुट्टी देण्यासाठी रद्द करायची गोष्ट होऊन बसते. शिवाय एएचएलनं स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे : गोलरक्षक सोडून जे अठरा जण उतरतात, त्यातले तेरा व्यावसायिक हॉकीत तुलनेनं नवखेच असले पाहिजेत. म्हणजे शाळा ती शाळाच राहते, निवृत्तांचा कट्टा होत नाही.

मोरिट्झ सायडर इथे आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटनं त्याला सहावा उचलला, तेव्हा सगळ्यांनी भुवया उंचावल्या होत्या. उंच, रुंद खांद्यांचा जर्मन बचावपटू. पहिले काही आठवडे तो प्रत्येकाला धडकायला जायचा आणि मागे मोकळी जागा सोडून द्यायचा. माझ्या शेजारी बसणारे एक निवृत्त शिक्षक दर वेळी कपाळाला हात लावायचे. ख्रिसमसनंतर ते हात लावायचे थांबले. त्या मोसमात ४९ सामन्यांत २२ गुण (गोल केला किंवा गोलसाठी पास दिला, की एक गुण). त्यानंतर एक वर्ष तो स्वीडनमध्ये रोग्लेकडून खेळला, आणि २०२१-२२ मध्ये वर जाऊन त्यानं ८२ पैकी ८२ सामने खेळत ५० गुण मिळवले. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी त्याच्या घरी गेली.

इथे आमच्या बेसमेंटमधला माझा विरोधक लगेच म्हणतो, “आणि रेमंडचं काय?” रास्त प्रश्न आहे. त्याच संघात, त्याच हंगामात लुकास रेमंड एकोणीस वर्षांचा असताना आमच्या गावाकडे ढुंकूनही न बघता थेट डेट्रॉइटला उतरला, आणि ५७ गुण करून बसला, सायडरपेक्षाही सात जास्त. मग खालची पायरी कशाला?

यावर माझं म्हणणं असं, की रेमंडनं पायरी गाळलीच नव्हती, त्याची पायरी दुसऱ्या देशात होती. तो आधी फ्रोलुंडाकडून स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये दाढीवाल्या बाप्यांशी धक्काबुक्की करून आला होता. ऑस्टन मॅथ्यूजनं ड्राफ्टच्या आधीचं वर्ष झुरिकमध्ये असंच काढलं. पोरगा ग्रँड रॅपिड्सलाच पिकला पाहिजे असा माझा हट्ट नाही. तो कुठेतरी, मोठ्या माणसांमध्ये, भरपूर पक हाताळत पिकलेला असावा, एवढंच. आणि हो, थेट वर येऊन चमकलेल्या सिडनी क्रॉस्बी, कॉनर मॅकडेव्हिड, बेडार्ड, सेलेब्रिनी यांची नावं घेऊ नका. क्रॉस्बीनं अठराव्या वर्षी १०२ गुण केले. त्याला खालच्या लीगमध्ये पाठवणं वेडेपणा ठरला असता. असे पोरगे दशकात बोटांवर मोजण्याइतके येतात, आणि ते ओळखायला तुमची गरज लागत नाही. माझ्या शेजारचे शिक्षकसुद्धा ओळखतात. अडचण आहे ती सातव्या, बाराव्या, विसाव्या क्रमांकाच्या पोरांची, ज्यांना तुम्ही क्रॉस्बीच्या मापाचे कपडे शिवता.

तिसऱ्या क्रमांकावरही ही चूक झालेली आहे. २०१८ मध्ये मॉन्ट्रियलनं येस्पेरी कोटकानिएमीला तिसरा निवडला आणि अठराव्या वर्षीच संघात ठेवला. ७९ सामन्यांत ३४ गुण, म्हणजे वाईट अजिबात नाही. सगळे खूश. दुसऱ्या वर्षी ३६ सामन्यांत ८ गुण, आणि मग लवालला, खालच्या संघात रवानगी. जे पहिल्या वर्षी शिक्षण ठरलं असतं, ते दुसऱ्या वर्षी शिक्षा वाटलं. २०२१ मध्ये कॅरोलायनानं साठ लाख डॉलरच्या वरची ऑफर दिली आणि मॉन्ट्रियलनं त्याला जाऊ दिलं. तो नंतर नीट नांदला, पण तिसऱ्या क्रमांकावर ज्याची स्वप्नं पाहिली होती तो सेंटर काही झाला नाही. दुसरीकडे त्याच मॉन्ट्रियलच्या युराय स्लाफकोव्हस्कीचं उदाहरण माझ्या विरोधात जातं, तेही सांगून टाकतो. २०२२ चा पहिला क्रमांक, थेट वर, ३९ सामन्यांत १० गुण आणि मग दुखापत. आम्ही सगळे म्हणालो, की बघा, दुसरा कोटकानिएमी. पुढच्या वर्षी त्यानं ५० गुण केले. आम्ही गप्प.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते लिऑन ड्रायझाइटलनं. २०१४ मध्ये एडमंटननं त्याला तिसरा घेतला आणि संघात ठेवला. ३७ सामने, ९ गुण. तो संघ तेव्हा वर्षानुवर्षं तळाला होता, आणि दरवर्षी एक नवा तारणहार हुडकत होता. जानेवारीत त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, जी करायला तुमच्यातल्या फार थोड्यांची छाती होते : आपली चूक जाहीरपणे मागे घेतली. पोराला परत ज्युनियरमध्ये, म्हणजे कॅनडातल्या तरुण पोरांच्या लीगमध्ये, पाठवलं; या वेळी केलोनाच्या संघात. केलोनानं त्यांची लीग जिंकली, ज्युनियर लीगांच्या विजेत्यांच्या मेमोरियल कप स्पर्धेत अंतिम सामन्यात ते हरले, पण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ड्रायझाइटलच ठरला. पुढच्या मोसमाची सुरुवातही त्यानं बेकर्सफिल्डला, खालच्या संघातच केली. सहाच सामने. मग वर आला तो कायमचा, आणि २०२० मध्ये हार्ट ट्रॉफी, म्हणजे अख्ख्या लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू. खाली जाणं म्हणजे अपमान, असं ज्या पोराला वाटत असेल त्याच्या खोलीत या माणसाचा फोटो लावा.

एकदा तर हा प्रयोग साऱ्या लीगवर झाला, तोही तुमच्या इच्छेविरुद्ध. २००४-०५ चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात संपूर्ण रद्द झाला. एनएचएल बंद, एएचएल चालू. त्याच्या आदल्या वर्षी एरिक स्टालनं एकोणिसाव्या वर्षी कॅरोलायनाकडून ८१ सामन्यांत ३१ गुण केले होते. एरवी त्याला खाली पाठवायचा विचारही कुणी केला नसता. टाळेबंदीमुळे तो एएचएलमध्ये, लोवेलला गेला, ७७ सामन्यांत ७७ गुण केले. लीग पुन्हा सुरू झाली, आणि २००५-०६ मध्ये स्टालचे १०० गुण, शिवाय स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. पॅट्रिस बर्जरॉनचंही तसंच. अठराव्या वर्षी बोस्टनमध्ये ३९ गुण, टाळेबंदीच्या वर्षी प्रॉव्हिडन्सला ६१. पुढे बचाव करणाऱ्या फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी त्यानं सहा वेळा जिंकली. हे दोघे असेही मोठे झाले असते, असं तुम्ही म्हणाल. असतीलही. पण वर स्थिरावलेल्या पोरांनासुद्धा एक वर्ष खाली राज्य करायला मिळालं तर त्यांचं काही बिघडत नाही, एवढं तरी मान्य करा.

थोडं घरचं. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना इथल्या एका क्लबनं त्याला तेरा वर्षांच्या संघात घेतलं. मी छाती फुगवून फिरलो. त्या हिवाळ्यात त्याचं मुख्य काम होतं बाकाच्या फाटकाची कडी उघडणं. दुसरे आत येणार, दुसरे बाहेर जाणार, हा कडी उघडणार. फेब्रुवारीत त्यानं विचारलं, “बाबा, मी सराव नाही केला तर चालेल का?” पुढच्या वर्षी आम्ही त्याला त्याच्या वयाच्या संघात परत टाकलं, आणि डिसेंबरातल्या एका सामन्यात त्याला पहिल्यांदा मोठ्यानं पक मागताना ऐकलं. तो काही एनएचएलला जाणार नव्हता, आता कॉलेजात संगणक शिकतोय. पण ती कडी अजून माझ्या कानात वाजते. तुमच्या चौथ्या फळीतलं अठरा वर्षांचं पोर कॅमेऱ्यात दिसलं की मी त्याचे हात बघतो.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. संघ हरतोय, प्रेक्षक कमी होताहेत, मालकाला काहीतरी नवं दाखवायचंय, आणि तुमची स्वतःची खुर्चीही डुगडुगतेय. अशा वेळी अठरा वर्षांचा चेहरा फार उपयोगी पडतो. त्यात कराराचं घड्याळ. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचा पहिला करार तीन वर्षांचा, पण तो नऊपेक्षा जास्त सामने खेळला नाही तर ते वर्ष मोजलं जात नाही, करार पुढे सरकतो. त्यामुळे दर ऑक्टोबरात नऊ सामन्यांची नौटंकी चालते. नवव्या सामन्यानंतर पोराचं भवितव्य ठरतं, आणि ते ठरवताना बर्फावर काय दिसलं याइतकीच हिशेबनिसाची वहीही उघडी असते.

पैशाची बाजू पोराच्या अंगानंही बघितली पाहिजे. पहिल्याच करारात वर आणि खाली वेगळा पगार असतो. वर नऊ लाख डॉलरच्या पुढे, खाली नव्वद हजाराच्या आत. म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. ज्याच्या आईबापांनी घर गहाण ठेवून स्केट आणि काठ्या घेतल्या, त्याला ‘खाली जाऊन शीक’ म्हणणं सोपं आहे. तो वर बसून राहणं पसंत करतो, आठ मिनिटं तर आठ मिनिटं, यात नवल काय? खाली पाठवलेल्या पहिल्या फेरीच्या पोराचा पगार एवढा का घसरावा, याचं शहाणं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

सगळ्यात विचित्र गोष्ट मात्र वयाच्या नियमाची. कॅनडाच्या ज्युनियर लीगांतून, म्हणजे ओंटारियो, वेस्टर्न किंवा क्वेबेकमधून निवडलेला पोरगा वीस वर्षांचा होईपर्यंत तुम्ही एएचएलमध्ये पाठवू शकत नाही (एक नवा अपवाद सोडून, तो पुढे येतो). तो एक तर तुमच्याकडे, नाहीतर परत ज्युनियरमध्ये. जर्मनीतून आलेला सायडर अठराव्या वर्षी ग्रँड रॅपिड्सला चालतो. वेस्टर्न लीगमधून आलेला मायकेल रासमुसेन एकोणिसाव्या वर्षी चालत नाही. २०१७ चा नववा क्रमांक. ज्युनियरला तो पुरून उरला होता, एनएचएलसाठी कच्चा होता. डेट्रॉइटनं त्याला २०१८-१९ मध्ये वरच ठेवला : ६२ सामने, १८ गुण. नियम आडवा आला नाही तेव्हा, पुढच्या वर्षी, तो आमच्या गावात आला. क्रम उलटा झाला, दोष पोराचा नव्हता. सिएटलच्या शेन राइटनं तर एका वर्षात सगळे कोपरे पाहिले : आठ सामने वर, काही दिवस खालच्या संघात, कोचेला व्हॅलीत, मग परत ज्युनियरला. पुढच्या मोसमात त्याला अपवाद म्हणून एएचएलमध्ये पूर्ण वेळ खेळू दिलं, तिथे ५९ सामन्यांत ४७ गुण, आणि त्यानंतर २०२४-२५ मध्ये एनएचएलमध्ये ४४.

२०२५ च्या उन्हाळ्यात तुमच्यात आणि खेळाडू संघटनेत नवा करार ठरला. त्यात प्रत्येक संघाला ज्युनियरमधला एक एकोणीस वर्षांचा पोरगा एएचएलमध्ये पाठवता येईल अशी वाट ठेवली, हे चांगलं झालं. पण एकच का? ज्युनियर संघांची भीती मी समजू शकतो. केलोनासारख्या गावात हिवाळ्यातली करमणूक म्हणजे तो संघ, आणि त्याचा सर्वोत्तम पोरगा उचलून नेला तर तिकीट कोण काढणार? त्यात आता ज्युनियर खेळाडूंना अमेरिकेतल्या कॉलेजांची दारंही उघडली आहेत, गॅव्हिन मॅकेना मेडिसिन हॅटचा ज्युनियर संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला तो त्याच वाटेनं. त्या गावांना योग्य मोबदला द्या. पण गावाची तिकिटं खपावीत म्हणून एकोणीस वर्षांच्या पोराला नको त्या वर्गात बसवून ठेवू नका.

आता साक्याबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर मी आमच्या गावाचा भाट ठरेन. खालची लीग ही जादूची कांडी नाही. फिलिप झाडिना, २०१८ चा सहावा क्रमांक, पहिलं वर्ष इथेच खेळला, सगळं शिस्तीत झालं, तरी वर त्याचा जम बसला नाही. २०२३ मध्ये दोन वर्षं शिल्लक असलेला करार दोन्ही बाजूंनी संपवला. आणि ‘ओव्हरराइप’ हा शब्द पुढे पुढे डेट्रॉइटला सोयीचा होत गेला, असंही माझं मत आहे. वरच्या जागा मोठ्या पगाराच्या वयस्कर खेळाडूंनी अडवलेल्या, म्हणून खालची तयार पोरं पेंढ्यातच पडून. याला पिकवणं म्हणत नाहीत, वखारीत माल साठवणं म्हणतात. २०१६ नंतर २०२५ पर्यंत सलग नऊ हंगाम डेट्रॉइटला प्लेऑफ दिसले नाहीत, त्याची कारणं अनेक; पण हे त्यातलं एक.

खाली पाठवलेल्या पोरांची जत्रा कशी वर न्यायची ते टँपा बेनं दाखवलं. जॉन कूपर त्यांच्या खालच्या संघाचे, नॉरफोकचे प्रशिक्षक होते. २०१२ मध्ये त्या संघानं सलग २८ सामने जिंकले आणि काल्डर कपही. पुढच्या वर्षी तीच पोरं टँपाच्या नव्या खालच्या संघात, सिरॅक्यूजला गेली आणि अंतिम फेरीत आमच्याकडून हरली, हे मी मुद्दाम नमूद करतो. कूपर २०१३ च्या मार्चमध्ये वर गेले, पाठोपाठ टायलर जॉन्सन आणि ओंद्रे पालात गेले. जॉन्सनला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, पालात सातव्या फेरीतला. २०१३-१४ च्या काल्डर ट्रॉफीसाठी शेवटची तीन नावं होती : पहिल्या क्रमांकाचा, थेट आलेला नेथन मॅकिनन, आणि हे दोघे. जिंकला मॅकिनन. पण उरलेल्या दोन खुर्च्यांवर कोण बसलं होतं, ते विसरू नका.

जाता जाता एक नाव आपल्या अंगणातलं. मॅनी मल्होत्रा, वडील भारतीय, आई फ्रेंच कॅनेडियन. १९९८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला सातवा निवडला आणि अठराव्या वर्षीच संघात ठेवला : ७३ सामने, १६ गुण. पुढचं वर्ष रेंजर्स, त्यांचा खालचा संघ हार्टफर्ड आणि ज्युनियर अशा तीन घरांत गेलं. त्याची कारकीर्द लांबलचक झाली, ९९१ सामने, फेसऑफ (खेळ सुरू होताना पकसाठी होणारी झटापट) जिंकणारा भरवशाचा सेंटर. पण गोल करणारा मल्होत्रा कधी दिसलाच नाही, आणि तो होता का, हे आता कुणालाच कळणार नाही. तोच माणूस पुढे एएचएलच्या ॲबट्सफर्ड कनक्सचा प्रशिक्षक झाला, आणि २०२५ मध्ये त्यानं तिथल्या पोरांकडून काल्डर कप जिंकून घेतला. त्या संघात कॅनडातल्या सरेचा अर्शदीप बैन्सही होता. वेस्टर्न लीगमध्ये सर्वाधिक गुण केलेला, तरी ड्राफ्टमध्ये कुणीही न घेतलेला. मराठी आडनाव या यादीत कधी येईल, यावर आमच्या बेसमेंटमध्ये पैजा आहेत.

तुमच्याकडून मला फार काही नको. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला वर ठेवायचं असेल तर आधी प्रशिक्षकाला विचारा, की याला रोज किती मिनिटं देणार, आणि पॉवर प्लेला कुणाच्या जागी. उत्तर ‘बघू’ असं आलं तर पोराला गाडीत बसवा. त्याचा खालचा पगार निदान दुप्पट करा, पहिल्या दोन फेऱ्यांसाठी तरी. पुढच्या वाटाघाटीत एकोणीस वर्षांच्या पोरांचा ‘एक’चा आकडा ‘तीन’ करून घ्या. आणि खाली पाठवताना सहायकाच्या फोनवरून कळवू नका. तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर या.

डेट्रॉइटवाल्यांना तर आय-९६ नं अडीच तास. व्हॅन अँडेलच्या वरच्या मजल्यावर गोलच्या मागे बसा, मालकांच्या काचेच्या खोलीत नको. माझ्या शेजारच्या शिक्षकांना गुडघ्यामुळे हल्ली जिने चढवत नाहीत, त्यांची खुर्ची बहुतेक शुक्रवारी रिकामी असते. हॉट डॉग आता दोन डॉलरला मिळत नाही, पण माझ्याकडून.

कळावे,

आपला,
ग्रिफिन्सचा एक जुना तिकीटधारक
ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

ता. क. : २०१७ चा काल्डर कप इथेच, आमच्या डोळ्यांसमोर उंचावला गेला. त्या रात्री टायलर बर्टुझी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला सहा महिने आधी वर बोलवा म्हणून मी किती ओरडलो होतो, याला साक्षीदार आहेत. ओरडणं माझं काम आहे, ऐकू नका.